प्रशिक्षणाची गरज नाही

आमच्या खात्याला कंपनीत 'विश्रामगृह' म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण कँटीनच्या रांगेत जरा मागे उभं राहिलं की ऐकू येई. "कुठं गेला रे तो?" "विश्रामगृहात. साडेपाचला सुटेल." उन्हाळ्यात शॉपमध्ये पत्र्याखाली माणूस शिजून निघायचा आणि ट्रेनिंग हॉलला एसी होता, हे त्या नावामागचं अर्धं कारण. उरलेलं अर्धं असं, की तिथं जाऊन कुणी काही शिकून येतं यावर कंपनीत कुणाचा विश्वास नव्हता. सुपरवायझरकडे माणसं मागितली की तो लाइनवरचा सगळ्यांत बिनकामाचा गडी पाठवून देई. त्याचंही बरोबर होतं. चांगला गडी काढला तर उत्पादन पडतं आणि संध्याकाळी बोलणी त्याला खावी लागतात. मग तेच ते चेहरे वर्षभर प्रत्येक विषयाला हजर. अग्निशमन असो, फाइव्ह एस असो, ताणतणाव व्यवस्थापन असो. ज्यांना कसलाही ताण नव्हता अशी माणसं ताण कसा घालवावा ते ऐकत पेंगत. अशा रीतीनं कंपनीतले सर्वांत प्रशिक्षित लोक आणि सर्वांत कमी काम करणारे लोक हे एकच होते, आणि वर्षाअखेरीस 'मॅनडेज'चा आकडा मात्र उद्दिष्टापेक्षा जास्त भरे.

अशा खात्यात कुणी मागून येत नाही, टाकला जातो. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेले, साहेबांशी बिनसलेले, पाठीच्या ऑपरेशननंतर उभं राहता न येणारे. मी मशिन शॉपमध्ये होतो. मेकॅनिकलचा डिप्लोमा, तीन शिफ्टची नोकरी आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात डिस्पॅचसाठी होणारी ओढाताण, असं सगळं रीतसर चाललेलं. एका पुनर्रचनेत माझी खुर्ची गेली आणि दुसरी मिळाली ती या हॉलशेजारच्या काचेच्या खोलीत. अभिनंदन करायला कुणी आलं नाही. एक जण म्हणाला, "चला, आता घरी तरी वेळेवर जाशील." ते खरं ठरलं. पण ज्या कामात पुढची सगळी नोकरी मजेत गेली ते कामही तिथंच हाती लागलं. फक्त ते हॉलमध्ये नव्हतं, शोधायला परत पत्र्याखालीच जावं लागलं.

आमच्याकडे एका हाउसिंगमध्ये ब्राँझचं बुश प्रेसवर बसवायचं काम होतं. बघायला गेलं तर काही सेकंदांचं. पण नव्या पोरांकडून बुश तिरकं जाई, आतल्या बोअरला ओरखडा पडे आणि हाउसिंगसकट सगळं भंगारात. त्याच प्रेसवर एक मामा होते. (शॉपमध्ये पन्नाशी ओलांडलेला प्रत्येक जण मामा असतो.) त्यांच्या हातून बुश क्वचितच वाया जाई. साहेबलोकांचं निदान तयार होतं: पोरांचं कामात लक्ष नसतं, मोबाइलनं वाया गेलीत, त्यांना जरा 'क्वालिटी अवेअरनेस' द्या. म्हणजे हॉल, एसी, पॉवरपॉइंट, समोसा.

हॉल बुक करायच्या आधी मी मामांशेजारी एक स्टूल टाकून बसलो. एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी सूचनेत, दोनच ओळी होत्या: बुश हाउसिंगच्या तोंडावर ठेवा, दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबा. मामाही तेच करताना दिसत. विचारलं तर म्हणाले, "साहेब, मी काय वेगळं करतोय? ठेवतोय आन् दाबतोय." मी पुन्हा बसलो. चेहऱ्याकडे बघायचं सोडून नुसत्या हातांकडे बघायला लागलो, तेव्हा कुठं दिसलं. हाउसिंग उचलतानाच त्यांचा अंगठा तोंडाच्या कडेवरून फिरे. चॅम्फरवर, म्हणजे कडेच्या उतारावर, बर (धातूची बारीक कुसळ) राहिली असेल तर ती अंगठ्याला लागे आणि तेवढं हाउसिंग बाजूला पडे. मग बुश ठेवल्यावर दोन बोटांनी ते किंचित फिरवत. सहज फिरलं तर सरळ बसलंय, अडलं तर तिरकं आहे. मग बटणं. हे सगळं पापणी लवेपर्यंत उरकलेलं असे.

"मामा, तुम्ही बुश फिरवता."

"नाही हो."

मी मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "च्यायला, हा कवापासून फिरवतोय?"

मायकेल पोलान्यी या विचारवंताचं 'द टॅसिट डायमेन्शन' नावाचं 1966 सालचं छोटेखानी पुस्तक आहे. माणसाला येत असतं पण सांगता येत नाही अशा ज्ञानाचा त्यात विचार केलेला आहे. मी ते फार नंतर वाचलं आणि वाचताना मला सारखा मामांचा अंगठाच दिसत राहिला. ज्याला उत्तम येतं त्याला ते समजावून सांगता येईलच असं नाही. बहुतेकदा येत नाहीच. त्याच्या लेखी ते काम उरलेलंच नसतं, सवय झालेलं असतं. म्हणून 'अनुभवी माणसाला पोरांपुढे उभं करा' हा सोपा उपाय फसतो. तो पोरांना शिस्त, निष्ठा आणि आमच्या वेळी काय होतं हे सांगतो. अंगठ्याबद्दल बोलत नाही. ते आधी त्याच्या हातातून काढून घ्यावं लागतं, त्यालाच दाखवावं लागतं, त्याला पटवावं लागतं, आणि मग पोरांच्या हाती द्यावं लागतं. शिकवणं हा यातला अगदी शेवटचा आणि खरं सांगायचं तर सर्वांत सोपा भाग.

ही रीत काही माझी नव्हे. 1940 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाची एक सरकारी योजना सुरू झाली. युरोपात युद्ध पेटलेलं, कारखान्यांवर मागणीचा डोंगर, आणि कुशल कामगार पुढे सैन्यात जाऊ लागले. त्यांच्या जागी आल्या बायका, शेतमजूर, दुकानात काम करणारी माणसं. त्यांना वर्षानुवर्षं उमेदवारी करायला लावणं शक्य नव्हतं. मग योजनेच्या लोकांनी पहिल्या महायुद्धातल्या जहाजबांधणी कामगारांसाठी चार्ल्स ॲलन यांनी बसवलेली चार पायऱ्यांची पद्धत बाहेर काढली, तिला पॉलिश केलं आणि ती मुकादमांना शिकवली. शिकणाऱ्याची तयारी करून घ्या, करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग कामाला लावून अधूनमधून बघत राहा. दोन-दोन तासांच्या पाच बैठका आणि शेवटी खिशात मावेल असं एक कार्ड. युद्ध संपेपर्यंत 16 लाखांहून अधिक लोकांना या योजनेची प्रमाणपत्रं मिळाली. 1945 मध्ये योजना गुंडाळली गेली आणि अमेरिकन कारखाने ती बऱ्यापैकी विसरूनही गेले. पुढे जेत्यांबरोबर ती जपानमध्ये गेली आणि तिथं मात्र मुरली. टोयोटाच्या कामगार शिक्षणाचा पाया याच पद्धतीवर आहे. आमच्याकडे ती चाकणला आली ती 'जपानी पद्धत' म्हणून, पाहुण्या तज्ज्ञासोबत, दुभाष्यासकट. मला याची गंमत वाटते. पंधरा मिनिटांत वाचून होणारा कागद समुद्र ओलांडून, दोनदा नाव बदलून आला, तेव्हा कुठं आमच्या साहेबांनी तो हातात धरला.

आम्ही वापरतो त्या कागदावर तीन रकाने असतात: पायरी, कळीचा मुद्दा, कारण. मामांच्या प्रेसचा कागद असा झाला. बुश ठेवा, दोन बोटांनी फिरवून पाहा, कारण अडलं तर ते तिरकं आहे. पहिला रकाना कुणीही भरतो. दुसऱ्यासाठी स्टूल लागतं. तिसरा भरताना चांगल्या चांगल्या इंजिनिअरांची तारांबळ उडते, कारण 'का?' म्हटलं की अर्ध्या गोष्टींना उत्तर असतं, पहिल्यापासून असंच आहे.

कागद प्रेसवर लागला त्या दिवशी मामा तो बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, "झकास. मग आता माझं काय काम?"

हा प्रश्न प्रशिक्षणावरच्या कुठल्याही पुस्तकात मी वाचलेला नाही, आणि मला वाटतं तो पहिल्या पानावर असायला हवा.

मी मूळचा पलूसकडचा. वडील साच्याच्या कामात होते. त्यांच्या पिढीत शिकवणं असं वेगळं काम नव्हतं. हाताखाली एक पोरगं दिलं जाई. पहिले कित्येक महिने ते वाळू चाळी, चहा आणी आणि शिव्या खाई. शिकवणं म्हणजे त्याला हाकलून न देणं, एवढाच अर्थ. त्या उस्ताद-चेल्याच्या काळाबद्दल हल्ली फार गोड बोललं जातं. मला ते पटत नाही. वडीलच सांगत, की टूल लावताना, सेटिंग करताना पुष्कळ उस्ताद पाठ फिरवून उभे राहत. विद्या मर्जीनं मिळे, नात्यानं मिळे, जातीनं मिळे. ज्याला यातलं काहीच नव्हतं तो चहाच आणत राही. भिंतीवर लावलेला तीन रकान्यांचा कागद कुणाची मर्जी बघत नाही. तो वाचायला लातूरहून आलेल्या पोराला कुणाच्या ओळखीची चिठ्ठी लागत नाही. या कारणासाठी तरी मी कागदाच्या बाजूचा आहे.

पण उस्ताद पाठ का फिरवत, तेही विसरून चालणार नाही. हातातलं कसब हीच त्यांची नोकरीची हमी होती. मामांनी ते मला दोन दिवसांत देऊन टाकलं, आणि बदल्यात त्यांना काय मिळालं? त्यांना इन्स्ट्रक्टर करावं, त्यासाठी भत्ता द्यावा म्हणून मी बरंच टुमणं लावलं. बिल्ला मिळाला, भत्ता मिळाला नाही. बिल्ला ते खिशाला अगदी निवृत्त होईपर्यंत लावत, आणि पोरांना शिकवताना मी कधी जवळ गेलो तर मुद्दाम मोठ्यानं म्हणत, "हितं अंगठा फिरवायचा. हे साहेबांनी शोधून काढलंय." टोमणा होता की कौतुक, ते मी विचारलं नाही.

शिकवणं आणि कारखाना एकत्र चालवल्याचं आमच्या पंचक्रोशीत एक मोठंच उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुळात शिक्षक. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यंत्रांची ड्रॉइंग शिकवत. बढतीत डावललं गेलं तेव्हा नोकरी सोडून बेळगावला गेले. तिथली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. किर्लोस्कर लोखंडी नांगर बनवत, आणि त्यानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असण्याचा तो काळ. त्या मुलखात यंत्र म्हणजे काय हे माहीत असलेली माणसं भरती करायची म्हटली असती तर कारखाना निघालाच नसता. जी होती ती माणसं घेतली आणि हाताशी धरून घडवली. तिथं 'लर्निंग अँड डेव्हलपमेंट'ची पाटी नव्हती. मालक ड्रॉइंगचा मास्तर होता, ते पुरलं. 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं ते कारखान्याचं पत्रक म्हणून. त्याचं पुढं महाराष्ट्राचं मासिक झालं. माझ्या दृष्टीनं यातली मोलाची गोष्ट अशी, की शिकवणं आणि धंदा करणं ही दोन वेगळी खाती आहेत असं त्यांना वाटलं नसावं. आम्ही ती वेगळी केली, मधे काचेची भिंत घातली आणि मग दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांना नावं ठेवायला सुरुवात केली.

आज माझ्यासमोर जी बॅच बसते तिच्यात कायम नोकरीतलं जवळजवळ कुणी नसतं. बहुतेक ॲप्रेंटिसच असतात. ॲप्रेंटिस कायदा 1961 चा. 2014 मध्ये त्यात दुरुस्त्या झाल्या, 2016 मध्ये स्टायपेंडचा काही भार सरकार उचलेल अशी राष्ट्रीय योजना आली, आणि 2019 च्या नियमांनुसार 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला ॲप्रेंटिस घेणं बंधनकारक झालं. एकूण मनुष्यबळाच्या अडीच टक्क्यांपासून 15 टक्क्यांपर्यंत. हेतू चांगला. शिकण्याची संधी मिळते, पोरांच्या हातात थोडे पैसे पडतात. पण चाकणच्या कुठल्याही खोलीत पाच-सहा जणांत राहणाऱ्या पोराला विचारा, त्याला कायद्याचं नाव माहीत नसतं, मुदत तेवढी तोंडपाठ असते. नांदेड, बुलढाणा, बीड, हल्ली ओडिशा आणि झारखंडही. वर्ष भरलं की ही बॅच जाते आणि नवी येते. ज्यांना मी बुश फिरवायला शिकवतो ते नीट फिरवायला लागेपर्यंत त्यांची जायची वेळ झालेली असते.

या कामात खरं समाधान मिळतं का असं मला तरुण मुलं विचारतात, तेव्हा मी पहिल्यांदा हे सांगतो. समाधानाला असलेलं हे भोक. तुम्ही माणूस घडवता आणि कंपनीला तो नको असतो. कंपनीला नवा हवा असतो, स्वस्त, आणि परत पहिल्यापासून घडवायला तुम्ही आहातच.

यवतमाळकडची एक मुलगी होती, असेंब्ली लाइनवर. मुदत संपायला आली तेव्हा प्रमाणपत्राचा नमुना हातात घेऊन आली. "सर, हे दुसऱ्या कंपनीत चालते का?" मी तिच्या हातातला कागद नीट वाचला. आमच्या पार्टचा नंबर होता, आमच्या लाइनचं नाव होतं. बाहेर त्याला काही अर्थ नव्हता. तेव्हापासून मी कंपनीला न लागणाऱ्या गोष्टी शिकवायला सुरुवात केली. ड्रॉइंग वाचणं, वर्निअर आणि मायक्रोमीटर धरणं, टॉलरन्सचा हिशेब, साधी इंग्रजी ईमेल. प्लांट हेडनी एकदा हटकलं, "आपल्या लाइनवर तर गो-नोगो गेज आहे. मायक्रोमीटर कशाला?" मी ट्रेनिंग कॅलेंडरमध्ये त्या तासांचं नाव 'मापनविषयक जागरूकता' असं ठेवलं. जागरूकता म्हटलं की कुणी अडवत नाही.

पण या पेशातलं सर्वांत अवघड काम वर्ग घेण्याचं नाहीच; वर्ग घ्यायला नकार देण्याचं आहे. गिऱ्हाइकाची तक्रार आली की कारण शोधून उत्तर पाठवावं लागतं. त्या अहवालात एक वाक्य इतकं रुळलंय की त्याचा शिक्काच करून घ्यावा: 'संबंधित ऑपरेटरला पुन्हा प्रशिक्षण देण्यात आले.' ते फुकट पडतं, त्याच दिवशी होतं आणि कुठल्याही साहेबाच्या अंगाशी येत नाही. हजेरीपत्रकावर ऑपरेटरची सही घेतली की झालं. सही करणाऱ्याला त्याचा अर्थ बरोबर कळतो: चूक तुझी.

रॉबर्ट मेजर आणि पीटर पाइप या दोघांनी 1970 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका पुस्तकात यावर एक निर्दय प्रश्न सुचवला आहे. जिवावर बेतलं असतं तर त्या माणसाला ते काम जमलं असतं का? जमलं असतं, तर त्याला येतंय. न येण्याचं दुखणं नाही, तेव्हा प्रशिक्षणाचं औषध देऊ नका. दुसरीकडे बघा. आमच्याकडे एकदा डाव्या बाजूचा ब्रॅकेट उजवीकडे लागून गेला. ऑपरेटर जुना, हुशार. त्याला डावं-उजवं कळत नाही असं मानायचं तर मग त्याला घरी सोडायलाच माणूस लागला असता. मी जाऊन पाहिलं. दोन्ही ब्रॅकेट एकाच रॅकमध्ये, एकाच रंगाच्या बिनमध्ये, शेजारी शेजारी. वरची ट्यूब आठवडाभर बंद. तक्रारीच्या फॉर्मवर 'प्रशिक्षण खात्याचा अभिप्राय' या रकान्यात मी लिहिलं: प्रशिक्षणाची गरज नाही. रॅक बदला, ट्यूब लावा. क्वालिटीवाल्यांनी फॉर्म परत पाठवला. रकान्यात तारीख भरायची राहिली म्हणे. मी तीच ओळ पुन्हा लिहिली आणि तारीख घातली. रॅक बदलायला एक महिना गेला, पण बदलला.

शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्याची 1961 सालची एक गोष्ट मी प्रत्येक नव्या सुपरवायझरला सांगतो. एका छोट्या स्विचमध्ये दोन स्प्रिंगा बसवायच्या असत आणि कामगार कधी कधी एखादी विसरत. मालक त्यांना तंबी देई, लक्ष द्या म्हणे. काही दिवस बरे जात आणि पुन्हा तेच. शिंगोंनी एक बशी ठेवायला सांगितली. आधी दोन स्प्रिंगा बशीत घ्यायच्या, मग बसवायच्या. बशीत स्प्रिंग उरली म्हणजे विसरलास, आणि ते तिथल्या तिथं दिसतं. ही गोष्ट ऐकल्यावर सुपरवायझर म्हणतात, "एवढंच?" मी म्हणतो, एवढंच, पण आपण इतकी वर्षं माणसाची स्मरणशक्ती सुधारायला निघालो होतो आणि बशी कुणी आणली नाही.

आमच्या धंद्याचं मोजमाप ही एक वेगळी करमणूक आहे. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये लेखमाला लिहून चार पातळ्या सांगितल्या: शिकणाऱ्याला कसं वाटलं, तो काय शिकला, कामात काय बदललं, आणि धंद्याला काय फळ मिळालं. जगभरच्या ट्रेनिंगवाल्यांना हे पाठ आहे आणि बहुतेक जण पहिल्या पायरीवरच बसून आहेत, कारण ती फीडबॅक फॉर्मवर उरकते. आमच्या फॉर्मवर सगळं 'उत्तम' असे. सूचनांच्या जागी एकदा कुणीतरी लिहिलं होतं, 'समोशाबरोबर चटणी पण हवी.' एवढी नेमकी सूचना मला दुसऱ्या कुठल्याच फॉर्ममध्ये मिळालेली नाही. आणि शिकलेलं टिकतं किती? हर्मान एबिंगहाउसनं 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं, की निरर्थक अक्षरं पाठ केली तर दुसऱ्या दिवशी त्यातलं जेमतेम एक तृतीयांश उरतं. आठ तास पॉवरपॉइंट दाखवून पाहा, अक्षरं निरर्थक असण्याची अटही पूर्ण होते. ऑडिटच्या आदल्या आठवड्यात मात्र सगळ्यांना सगळं येत असतं. कुणाला किती येतं ते वर्तुळांनी दाखवणाऱ्या स्किल मॅट्रिक्सवर एका रात्रीत वर्तुळं काळी होतात. मी माझ्या खोलीतले मार्कर कुलपात ठेवायला लागलो, तर लोकांनी स्वतःचे आणले.

मोठ्या पगाराच्या साहेबांचं प्रशिक्षण लोणावळ्याला होतं. तिथं निखाऱ्यांवरून चालतात, डोळे बांधून एकमेकांच्या अंगावर पडतात आणि रात्री जे काही होतं त्याला 'टीम बाँडिंग' म्हणतात. त्याबद्दल मला जास्त सांगण्यासारखं नाही. चालून आलेले साहेब सोमवारी पूर्वीसारखेच ओरडतात.

पैसा? बरोबरीचे प्रॉडक्शनमध्ये राहिलेले माझ्यापुढे गेले. मंदी आली की पहिली कात्री आमच्या खात्यावर. 2019 ला वाहनांची विक्री बसली तेव्हा हॉलचे दिवे बंद करून तिथं रिकाम्या ट्रॉल्या ठेवल्या होत्या. हे सगळं सांगूनही एखादा मुलगा किंवा मुलगी म्हणते, मला हेच करायचंय, तेव्हा मी एकच चौकशी करतो. तुला लोकांसमोर बोलायला आवडतं का? खूप आवडतं असं उत्तर आलं, की मला थोडी काळजी वाटते. लोकांकडे बघत बसायला आवडणारी माणसं या कामात टिकतात. एखाद्याच्या हाताला काम जमायला लागतं तो क्षण फार छोटा असतो. खांदे खाली येतात, जीभ दातांतून आत जाते, आणि तो तुमच्याकडे बघायचा थांबतो. टाळ्या नाहीत, आभार तर नाहीतच. शिकवणारा त्या वेळी नकोसा झालेला असतो. हे ज्याला आवडतं त्याला या नोकरीत कंटाळा येत नाही. ज्याला नाही आवडत त्यानं लोणावळा बघावा, तिथं पैसेही बरे आहेत.

माझ्या एका जुन्या बॅचमधला परभणीकडचा मुलगा आता दुसऱ्या कंपनीत टीम लीडर आहे. त्यानं माझे तीन रकाने काढून टाकलेत. प्रत्येक मशिनवर एक क्यूआर कोड, स्कॅन केला की छोटासा व्हिडिओ. मला दाखवायला मुद्दाम घेऊन गेला.

"सर, कागद वाचतं कोण?"

"आणि कारण? व्हिडिओत हात दिसतो, कारण कुठं दिसतं?"

"मी सांगतो ना."

"तू सेकंड शिफ्टला नसतोस."

तो थांबला. "मग आवाज भरतो."

"कुठल्या भाषेत? निम्मी पोरं ओडिशाची आहेत तुझी."

"त्यांच्यातलाच एक भरंल की. चांगला बोलतो. आणि सर, एक सांगू का, त्यानं मशिन लावायची पद्धत माझ्याहून सोपी काढलीय. व्हिडिओ काढताना मलाच कळली." मग जरा थांबून म्हणाला, "तुमच्या कागदात ती आलीच नसती. तुम्ही फक्त मामालोकांकडंच बघत बसायचा."

मी तो व्हिडिओ परत लावायला सांगितला.